बारक्याचं कुलूप

उस्तादला व्यसनमुक्ती केंद्रात पोचवायला तीन माणसं लागली, आणि तिघांपैकी एकानेही त्याच्या अंगाला हात लावला नाही. हात लावला असता तर बरं झालं असतं, असं तो पुढे कितीतरी दिवस म्हणत होता. निदान एखाद्याचे दात तरी पाडता आले असते.

पहिली मालकीण. लिफ्ट दुरुस्तीची कंपनी नवऱ्याच्या माघारी एकटीने चालवणारी, बोलण्यात भलती कंजूस बाई. तिने उस्तादला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायलाही सांगितलं नाही. "उपचार घ्या, बरे व्हा, मग कामावर या. नाहीतर येऊ नका," एवढंच म्हणून तिने फोन उचलला. दुसरी होती त्याची बायको. तिने तर भांडणाचंही सुख दिलं नाही. कपड्यांची बॅग भरून दाराशी ठेवली आणि म्हणाली, "केंद्रात जायचं असेल तर ही बॅग घ्या. दुसरीकडे कुठे जायचं असेल तरी हीच घ्या." तिसरा तिचा धाकटा भाऊ बारक्या. तो काहीच बोलला नाही. टॅक्सीत शेजारी बसला आणि प्लास्टरमधला डावा हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहिला. उस्तादला सगळ्यात जास्त राग त्या हाताचा येत होता.

"दाखव, दाखव," तो म्हणाला. "सगळ्या जगाला दाखव. दाजींनी हात मोडला अशी पाटीच लाव ना गळ्यात."

"दाजी, मी काही बोललोय का?"

"तेच तर! बोल ना! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीयेस?"

बारक्याने मान आणखी खिडकीकडे वळवली. बारक्या हे नाव लहानपणी पडलं ते पडलं. आता तो दारातून वाकून आत येतो. आईवडील गेल्यावर ताईने त्याला आपल्या घरी आणलं आणि नवऱ्याच्या हाताखाली घातलं. उस्ताद हा नुसता म्हणायला उस्ताद नव्हता. लिफ्टचा आवाज ऐकून कुठे काय घासतंय ते जिन्यातूनच सांगायचा. पण पहिलं वर्षभर त्याने बारक्याला पान्याला हात लावू दिला नाही. शिकवलं ते एकच. कुलूप.

लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो. दुरुस्तीसाठी जो माणूस त्या खड्ड्यात उतरतो, तो आधी सगळ्यात वरच्या मशीनरूममध्ये जाऊन मेन स्विच बंद करतो आणि त्याला स्वतःचं कुलूप घालतो. किल्ली एकच, आणि ती उतरणाऱ्याच्या खिशात. मग वर मालक येवो नाहीतर मंत्री येवो, तो माणूस खड्ड्यातून बाहेर येऊन आपल्या हाताने कुलूप काढेपर्यंत लिफ्ट हलत नाही. उस्ताद हे जेवताना विचारायचा, लग्नाच्या पंगतीत विचारायचा. "किल्ली?" म्हटलं की बारक्याने खिशावर हात मारून दाखवायचा. उशीर झाला तर चारचौघांत टपली. बायको म्हणायची, अहो, खाऊ द्या की त्याला. उस्ताद म्हणायचा, खाण्यासाठी जिवंत तर राहू दे.

त्या दिवशी बारक्या खड्ड्यात उतरला होता. लिफ्ट थांबवायचं खालचं बटणच खराब होतं आणि तेच बदलायचं होतं, म्हणजे वरच्या कुलपाखेरीज त्याच्या जिवाला दुसरा आधार नव्हता. वर मशीनरूममध्ये उस्ताद. आणि स्विच चालू झाला. तळमजल्यावर कोणीतरी बटण दाबलं, लिफ्ट खाली आली. बारक्याने कोपऱ्यात अंग चोरलं म्हणून तो वाचला. डावा हात तेवढा खालच्या स्प्रिंगवर राहिला. दोन बोटं आता वाकणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

लोक वर धावले तेव्हा बारक्याचं कुलूप स्विचशेजारच्या खिळ्याला लटकत होतं, नीट बंद केलेलं. आणि किल्ली बारक्याच्या खिशात होती.

"मी कुलूप घातलं होतं," बारक्या हॉस्पिटलमध्ये म्हणाला.

"मग ते खिळ्यावर कसं गेलं? उडत?" उस्ताद म्हणाला. "किल्ली तुझ्या खिशात. मी काय दातांनी उघडलं? पिशवीतून काढलंस, खिळ्याला अडकवलंस आणि घालायचं विसरलास. स्विच मोकळा दिसला, मला वाटलं तू बाहेर आलास."

मुद्दा बिनतोड होता. मालकिणीला तो बिनतोड वाटला, बायकोलाही वाटला. पण उस्तादच्या तोंडाला वास येत होता आणि त्याच्या चहाच्या थर्मासमध्ये चहा सोडून भलतंच काहीतरी होतं, हेही सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मालकिणीने ठरवलं की कुलपाचं काय ते नंतर बघू, आधी दारू सुटू दे. उस्ताद पेटला तो यावरच. चूक त्या लंबूची आणि शिक्षा मला? विसरणारा पगारी रजेवर घरी, आणि मी वेड्यांच्या बाजारात?

वेड्यांचा बाजार म्हणजे एक बैठी, लांबलचक इमारत होती. पूर्वी तिथे गाद्यांचा कारखाना होता आणि पावसाळी हवेत अजून कापसाचा वास यायचा. "एक मजला! जिथे लिफ्टची गरज नाही तिथल्या लोकांना आमची किंमत काय कळणार," असं उस्तादने पहिल्याच दिवशी जाहीर केलं. त्यानंतरचे काही दिवस त्याला काही जाहीर करता आलं नाही. अंगातून घामाच्या धारा लागल्या, हात असे थरथरले की कपातला चहा कपाबाहेरच जास्त असायचा. भिंतीवरून मुंग्यांची रांग येताना दिसायची आणि इतर कोणाला ती दिसायची नाही. गोळ्या देणाऱ्याला त्याने शिव्या दिल्या, चादर बदलणाऱ्याला दिल्या, आणि शुद्ध आल्यावर आठवण ठेवून पुन्हा दिल्या.

हिंडूफिरू लागल्यावर त्याला सकाळच्या गोलात बसवलं. गुडघे दुखतात म्हणून एकट्या समुपदेशक बाई उंच खुर्चीवर, बाकी सगळे सतरंजीवर. कोण कसं आलं ते ज्याने त्याने सांगायचं. उस्तादच्या शेजारच्या खाटेवरचा बेकरीवाला डोळे पुसत म्हणाला, "मला कोणी आणलं नाही. मी माझ्या मर्जीने आलो. मला बदलायचंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादची पाळी आली.

"मला मर्जीबिर्जी काही नाही," तो म्हणाला. "मालकीण काढून टाकेल म्हणून आलोय. बायको दारात उभं करणार नाही म्हणून आलोय. मेव्हणा कुलूप घालायचं विसरला म्हणून आलोय. जबरदस्तीने आणलंय मला, लिहून घ्या."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बाई म्हणाल्या, "चालेल."

"काय चालेल?"

"असं आलेलंही चालतं. तुम्ही मर्जीने आलात की ढकलून, ते गोळ्यांना कळत नाही. मलाही पहिल्या महिन्यात कळत नाही."

उस्तादने भांडणासाठी बाह्या सरसावून ठेवल्या होत्या, आणि समोरचा मैदानातच उतरेना. त्याचं डोकं आणखी फिरलं. दुपारी जेवताना त्याने भाजीत मीठ नाही म्हणून आचाऱ्याशी भांडून घेतलं तेव्हा कुठे त्याला दोन घास गेले.

पुढे कळलं की बेकरीवाला मर्जीने येण्यात मुरलेला होता. याआधीही तो तीनदा मर्जीनेच आला होता. आणि एका दुपारी मागच्या भिंतीवरून उडी मारून मर्जीनेच गेला. उस्ताद पोट धरून हसला. बाईंना गाठून म्हणाला, "गेला तुमचा टाळ्यावाला! आणि हा ढकललेला बघा, इथेच आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही आहात." आणि आपल्या कामाला निघून गेल्या.

त्या एवढ्याशा बोलण्यात टोचण्यासारखं काय होतं कोण जाणे, पण ते टोचलं. आपण का आहोत, याची त्याने मनातल्या मनात पुन्हा उजळणी केली. मालकीण, बायको, बारक्या. सगळा दोष जागच्या जागी होता. तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं.

हे बरं वाटणं टिकलं ते स्वयंपाकघरातला पंखा बंद पडेपर्यंत. केंद्रातल्या मदतनिसाने आपली हत्यारांची पिशवी आणून दिली आणि म्हणाला, "उस्ताद, बघता का जरा?" कितीतरी दिवसांनी हातात हत्यार आलं. हात थरथरत नव्हता. उस्ताद स्टुलावर चढला, टेस्टर हवा म्हणून त्याने न बघता पिशवीत हात घातला, आणि हात टेस्टरकडे गेलाच नाही. तो सरळ पिशवीच्या आतल्या बाजूला गेला आणि अस्तराची शिवण चाचपू लागला. पिशवी दुसऱ्याची, अस्तर धड, तिथे काही असायचं कारणच नव्हतं. पण आपण काय शोधतोय ते हाताला पक्कं ठाऊक होतं.

उस्ताद स्टुलावरून खाली उतरून बसला.

एकदा, फार वर्षांपूर्वी, बारक्याची किल्ली लिफ्टच्या दाराच्या फटीतून खाली गेली होती. कुलूप तोडेपर्यंत अर्धा दिवस वाया गेला होता. तेव्हा उस्तादने बारक्याच्या नव्या कुलपाची दुसरी किल्ली गुपचूप बनवून घेतली. सांगितलं असतं तर स्वतःच दिलेल्या शिकवणीवर बोळा फिरला असता, म्हणून कोणाला सांगितलं नाही. अस्तराची शिवण उसवून तिथे ठेवली. पुढे ती कधीमधी वापरलीही होती. बारक्या खालून वर येईपर्यंत कोण थांबणार, म्हणून. दर वेळी तो खड्ड्याबाहेर आल्याची खात्री करून, आणि तो वर पोचायच्या आत कुलूप पुन्हा होतं तसं घालून. कधी काही बिघडलं नव्हतं.

आणि त्या दिवशी? त्या दिवशीचं त्याला थर्मासचं झाकण आठवत होतं. मशीनरूममधला उकाडा आठवत होता. त्यानंतर थेट जिन्यातली आरडाओरड. मधे काही नाही. मोकळा दिसलेला स्विच, खिळ्याला लटकणारं कुलूप, "मला वाटलं तू बाहेर आलास" हे सगळं त्याने त्या रिकाम्या जागेत नंतर भरलं होतं, आणि इतक्यांदा बोलून दाखवलं होतं की ते पाहिल्यासारखं वाटायला लागलं होतं.

म्हणून काय झालं, तो स्वतःशीच तणतणला. किल्ली असणं वेगळं आणि लावणं वेगळं. बारक्या विसरलाच नसेल कशावरून? माणूस आहे तो. त्याने पंखा दुरुस्त केला, पण नंतर मदतनिसाने शाबास म्हटलं तेव्हा त्याच्या अंगावर धावून गेला.

भेटीच्या दिवशी बारक्या आला. हाताचं प्लास्टर निघालं होतं, दोन बोटं काठीसारखी ताठ. दोघे अंगणातल्या बाकावर बसले. उस्तादने एकवार त्या बोटांकडे पाहिलं आणि नंतर पाहायचं टाळलं.

"दाजी, चला घरी," बारक्या म्हणाला.

"अजून सोडायला वेळ आहे."

"आता अट नाही. मॅडमना मी सांगून टाकलं, कुलूप मीच विसरलो. त्या म्हणाल्या, मग उस्तादवर कशाला अट? सोमवारपासून येऊ देत कामावर. ताई पण म्हणाली, घेऊन ये. बाहेर टॅक्सी उभी आहे."

उस्तादच्या छातीत पहिल्यांदा जे उसळलं तो आनंदच होता. खोटं कशाला बोला! हेच ऐकायला त्याचे कान आसुसले होते. तो म्हणालासुद्धा, "बघ! मी काय म्हणत होतो?" पण म्हणता म्हणता त्याला संशय आला.

"माझ्यावर उपकार करतोस होय रे? ताईने रडून दाखवलं म्हणून?"

"उपकार नाही हो." बारक्याचा आवाज अगदी साधा होता. "खरंच विसरलो असणार मी. रोज विचार करतो. मला तर डोळ्यांसमोर दिसतं, मी स्विच पाडला, कुलूप घातलं, ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली. पण किल्ली तर माझ्याच खिशात होती ना? म्हणजे मला जे दिसतं तेच खोटं. तुमचंच बरोबर होतं. आता घराला कुलूप लावतो आणि कोपऱ्यावरून परत येतो, लावलं का बघायला. कधी कधी तीनतीनदा. ताई हसते. मग हसायची थांबते. मॅडमना सांगून खड्ड्याचं काम सोडलं मी. गोदामात बसतो, सामान काढून देतो. ज्याला कुलूप आठवत नाही त्याने लिफ्टला हात लावू नये, तुम्हीच म्हणायचात ना?"

उस्ताद त्याच्याकडे बघतच राहिला. हा त्याने घडवलेला माणूस. आख्ख्या कंपनीत असा हात दुसऱ्याचा नव्हता. आणि हा गोदामात नटबोल्ट मोजत बसणार, घराचं दार तीनदा ओढून बघणार, जन्मभर. उस्ताद निर्दोष, नोकरी शाबूत, बायको दारात उभी, टॅक्सी फाटकाबाहेर उभी. फक्त गप्प बसायचं होतं.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू विसरलास?" तो उठून उभा राहिला. "तू? अरे लग्नात घास हातात असताना किल्ली विचारली तर खिशावर हात जायचा तुझा! तापाने फणफणला होतास तेव्हा झोपेत खिसा चाचपत होतास! आणि कोणीतरी म्हणतं विसरलास, की तू मान हलवतोस? अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

"तुम्हीच तर म्हणालात, दाजी."

"मी म्हणेन! मी काय वाट्टेल ते म्हणेन! तू विसरला नाहीस!"

"मग ते उघडलं कसं?"

"माझ्याकडे किल्ली आहे!"

अंगणातली सगळी माणसं वळून बघायला लागली. बारक्याला काही कळलं नाही. "कुठली किल्ली?"

"तुझ्या कुलपाची. दुसरी. माझ्या पिशवीच्या अस्तरात, डाव्या बाजूला. तुझी ती फटीतून पडली होती ना, त्यानंतर करून घेतली."

"म्हणजे तुम्ही उघडलंत."

"मला आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही. पण तू विसरला नाहीस, आणि किल्ल्या दोघांकडेच होत्या. आता कोणी उघडलं ते सांगायला पंच बसवायला हवेत का?"

 बारक्या उठला, आणि उस्तादने इतक्या वर्षांत कधी न ऐकलेला आवाज त्याच्या तोंडून निघाला. "मी वेडा व्हायचा राहिलो होतो! मला वाटायचं माझ्या डोक्यात बिघाड आहे. आणि तुम्हाला माहीत होतं!"

"नव्हतं माहीत," उस्ताद म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "होतं. बघितलं नाही तिकडे."

"चला. आत्ताच्या आत्ता चला. मॅडमसमोर बोला हे. ताईसमोर बोला."

"नाही."

"का? आता का फाटली?"

"कारण मी या फाटकाबाहेर पडलो तर बोलणार नाही!" उस्ताद ओरडला. "मला मी चांगला माहितीये. चौकात दुकान आहे. तिथे टॅक्सी थांबवेन. तिथून पुढे मी म्हणेन, किल्लीबिल्ली काही नाही, बारक्या रचून सांगतोय. आणि इतकं झकास म्हणेन की तूच पुन्हा मान डोलावशील. आत्ता मी शुद्धीत आहे, तेवढ्यात जा. पिशवी फाड आणि किल्ली नेऊन मॅडमच्या टेबलावर आपट."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे."

"ताई घरात घेणार नाही."

"तिला पण सांग. तिला आधी सांग."

"मग इथे कशाला थांबताय आता? कोणासाठी?"

या प्रश्नाचाच उस्तादला संताप आला. त्याला ढकलून आणणारे हात त्याने आत्ता एकेक करून स्वतःच दूर केले होते. राहायला सांगणारं कोणी उरलं नव्हतं, बाहेर टॅक्सी होती, घसा कोरडा पडला होता, आणि तरी पाय फाटकाकडे वळत नव्हते. "तुला काय करायचंय?" तो खेकसला. "राहतोय म्हटलं ना! जा तू!"

बारक्या दोन पावलं गेला आणि परत वळला. त्याचे डोळे लाल झाले होते, पण आवाज आता खाली आला होता.

"एक सांगून ठेवतो, दाजी. तुम्ही दारू सोडा, नका सोडू. जन्मात पुन्हा थेंब घेतला नाहीत तरी माझं ठरलंय. मी खड्ड्यात परत उतरेन. पण वर तुम्ही असाल तर नाही. कधीच नाही."

उस्तादच्या तोंडावर कोणीतरी फाडकन मारावं तसा तो मागे सरला. मग ज्या आवाजात त्याने बारक्याला पहिल्या दिवशी कुलूप शिकवलं होतं, त्याच्या दुप्पट आवाजात तो ओरडला.

"उतरूच नकोस! मी पाया पडलो तरी उतरू नकोस! ताईने शपथ घातली तरी उतरू नकोस! पुन्हा माझ्या भरवशावर खड्ड्यात पाय टाकलास ना, तर तंगडी मोडून हातात देईन, सांगून ठेवतो!"